मॉनिटर काळाच राहतोय, झोपेतून उठतच नाही : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी चिपळूणला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करते. आठवड्याला पाच-सहा फोन तरी ह्या एकाच तक्रारीचे येतात, की मॅडम सीपीयू चालू आहे, पंखा फिरतोय, पण मॉनिटरवर काहीच दिसत नाही. फोनवर बोलता बोलताच बऱ्याच जणांचं काम होऊन जातं, पाच-दहा मिनिटांत, एक रुपया खर्च न करता. तेच सगळं इथे लिहितेय. वाचायच्या आधी एक करा, पॉवरच्या बटणावरचा हात काढा आणि ते दाबून धरू नका. का ते पहिल्याच उत्तरात आहे.

स्क्रीन अचानक काळी झाली, माझा डेटा गेला का?

नाही हो. मॉनिटरमध्ये तुमचा काहीच डेटा नसतो. तुमचे फोटो, टॅली, मुलांचे प्रोजेक्ट सगळं कॅबिनेटमधल्या (ज्या डब्याला सगळे सीपीयू म्हणतात) हार्ड डिस्कमध्ये नाहीतर एसएसडीमध्ये असतं, मॉनिटर फक्त दाखवायचं काम करतो. टीव्ही बंद पडला म्हणून केबलवाल्याकडचा पिक्चर पुसला जात नाही, तसंच हे.

धोका आहे तो घाबरून केलेल्या गोष्टींचा. स्क्रीन काळी असली तरी आत कॉम्प्युटर चालूच असू शकतो, टॅली उघडं असू शकतं, विंडोजचा अपडेट चालू असू शकतो, आणि अशात बटण दाबून धरून बंद केलं की मग मात्र फाइल खराब व्हायची खरोखर भीती असते. एक अकाउंटंट ताई आहेत, त्यांचा फोन नेमका महिन्याच्या २० तारखेला यायचा, जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायची शेवटची तारीख, स्क्रीन काळी आणि जीव वर-खाली. त्यांना मी फोनवर एवढंच म्हटलं की बटणाला हात लावू नका, मागची केबल बघा. केबल अर्धी बाहेर आलेली होती, झाडू मारताना टेबल सरकलं होतं, बस.

आणि हे मनापासून सांगते, नुसती स्क्रीन काळी आहे एवढ्यावरून कुणी "फॉरमॅट मारावं लागेल" म्हणालं तर लगेच हो म्हणू नका. माझ्याकडे एक काका आले होते, त्यांनी आधी दुसरीकडे दाखवलं होतं, तिथे फॉरमॅट करून दिलं, मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो गेले आणि घरी आणल्यावर स्क्रीन परत काळीच. व्हीजीए केबलची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या स्क्रूवाल्या व्हिडिओ केबलची, एक पिन वाकलेली होती. एका पिनेसाठी फोटो गेले, ते मला अजून विसरता येत नाही.

कॉम्प्युटर झोपलाय, का मॉनिटर झोपलाय, का खरंच काही बिघडलंय? ओळखायचं कसं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, हे ओळखता आलं की निम्मं काम झालं. दोन टेस्ट सांगते, दोन्हीला काहीही सामान लागत नाही.

पहिली, कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याची छोटी लाईट लागते का, परत दाबलं की विझते का ते बघा. लागत-विझत असेल तर कॉम्प्युटर जागा आहे, तुमचा हुकूम ऐकतोय, म्हणजे प्रॉब्लेम मॉनिटर, केबल, नाहीतर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये आहे. लाईट अजिबात बदलत नसेल तर कॉम्प्युटर एकतर झोपलाय, नाहीतर हँग झालाय, नाहीतर सुरूच झालेला नाही. (कीबोर्ड वायरलेस असेल तर ही टेस्ट धरू नका, त्यातल्या बऱ्याच जणांना ती लाईटच नसते. कुणाकडून तरी वायरचा कीबोर्ड मागून आणा.)

दुसरी, मॉनिटर चालू ठेवून त्याच्या मागची व्हिडिओ केबल काढा, पॉवरची नाही, व्हिडिओची. पाच-दहा सेकंद थांबा. स्क्रीनवर "नो सिग्नल" किंवा "चेक सिग्नल केबल" असं काही आलं, एखादा रंगीत चौकोन तरंगायला लागला, तर मॉनिटरचा पॅनल आणि आतली लाईट बहुतेक ठीक आहे, दोष केबलकडे किंवा कॅबिनेटकडे आहे. काहीही आलं नाही तर मॉनिटरचं मेनूचं बटण दाबून बघा, मेनूसुद्धा दिसत नसेल तर मॉनिटरवर संशय घ्या.

ह्या दोन टेस्टची उत्तरं सांगून मला फोन केलात तर मी दोन मिनिटांत सांगू शकते पुढे काय करायचं ते.

मॉनिटरची लाईट केशरी झालीये, लुकलुकतेय. जळाला का?

जळाला असता तर बहुतेक लाईटच लागली नसती. निळी, पांढरी किंवा हिरवी लाईट म्हणजे चालू आणि सिग्नल मिळतोय, केशरी किंवा हळूहळू लुकलुकणारी म्हणजे करंट मिळतोय पण कॉम्प्युटरकडून चित्र येत नाहीये म्हणून तो झोपलाय. रंग कंपनीप्रमाणे थोडे बदलतात.

हे झोपणं मुद्दाम दिलेलं आहे. जुन्या पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरला वीज फार लागायची म्हणून १९९३ साली व्हेसा ह्या संस्थेने डीपीएमएस नावाचं एक स्टँडर्ड आणलं. व्हीजीए केबलमधून चित्राबरोबर दोन ताल धरणारे सिग्नल जातात, एक आडव्या ओळींसाठी आणि एक उभ्यासाठी. कॉम्प्युटरने त्यातला एक किंवा दोन्ही बंद केले की मॉनिटरला कळतं की आता झोपायचं. हल्लीच्या एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट ह्या नव्या प्रकारच्या व्हिडिओ केबलमध्ये पद्धत वेगळी आहे पण तत्त्व तेच, सिग्नल थांबला की मॉनिटर झोपणार. म्हणून केशरी लाईट दिसली की मॉनिटरला दोष देऊ नका, सिग्नल कुठे अडकलाय ते शोधा.

माऊस हलवला, सगळ्या की दाबल्या, तरी उठत नाही. काय करू?

ह्याच क्रमाने करा, आणि प्रत्येक गोष्टीनंतर दहा-पंधरा सेकंद थांबा. लोक थांबत नाहीत, पाच गोष्टी एकदम करतात आणि मग कशाने चालू झालं तेच कळत नाही.

आधी कीबोर्डवर स्पेस दाबा. मग कॅबिनेटचं पॉवर बटण एकदाच, हलकेच, दाबून लगेच सोडा. दाबून धरायचं नाही, फक्त टिचकी. झोपलेला कॉम्प्युटर ह्याने उठतो. पण वर सांगितलेली कॅप्स लॉकची टेस्ट आधी केलेली असू दे, कारण कॉम्प्युटर जागा असताना ही टिचकी मारली तर उलट तो झोपेल किंवा बंद व्हायला लागेल.

कॅप्स लॉक चालत असेल आणि विंडोज १० किंवा ११ असेल तर विंडोजची की, कंट्रोल, शिफ्ट आणि बी हे चारही एकदम दाबा. बारीकसा टूं आवाज येतो, स्क्रीन एकदा चमकते आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे चित्र दाखवायचं काम बघणारा प्रोग्राम, नव्याने सुरू होतो. उघडलेली कामं बंद होत नाहीत म्हणून हे बिनधास्त करा. कितीतरी लोकांना हे माहीतच नाही.

नंतर मॉनिटर त्याच्याच बटणाने बंद करून चालू करा. तरी नाही, तर मॉनिटरची पॉवर कॉर्ड भिंतीच्या बाजूने काढा, एक मिनिट थांबा, परत लावा. मॉनिटरच्या आतसुद्धा एक छोटा कॉम्प्युटरच असतो, तो अडकला की त्याला असं पूर्ण बंद करावं लागतं, पुढचं बटण नुसतं स्टँडबायला टाकतं.

एवढ्यानेही नाही आणि कॅप्स लॉकही मेलेलं, तर मग मात्र पॉवर बटण दहा सेकंद धरा. दुसरा इलाज नाही.

हे रोजचंच होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्ड आणि माऊसच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर "अलाऊ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर" अशी टिक असते, ती आहे का बघा. आणि कीबोर्ड यूएसबी हबला लावला असेल तर काढून थेट कॅबिनेटच्या मागे लावा.

केबल तर नीट लावलीये, तरी "नो सिग्नल"च येतंय?

"नीट लावलीये" हे मी रोज ऐकते, आणि रोज कुणाची तरी केबल सैल निघते. दोन्ही टोकं, मॉनिटरचं आणि कॅबिनेटचं, काढून परत दाबून बसवा, व्हीजीए असेल तर दोन्ही बाजूचे स्क्रू हाताने आवळा. काढलीच आहे तर टोकात बघून घ्या. व्हीजीएला पाच-पाचच्या तीन ओळीत १५ जागा असतात, त्यातली मधल्या ओळीतली एक पिन बऱ्याच केबलला मुळातच नसते, ती ९ नंबरची, तुटली म्हणून घाबरू नका. वाकलेली पिन असेल तर संपलेल्या रिफिलचं टोक तिच्यावर घालून हळूच सरळ करा, चिमट्याने ओढलीत तर तुटते.

मग मॉनिटरचा इनपुट बघा. हल्लीच्या मॉनिटरला दोन-तीन ठिकाणं असतात, व्हीजीए, एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट, आणि मॉनिटर भलत्याच ठिकाणी बघत बसलेला असतो. घरात लहान मूल असेल तर हे फार होतं, खालची बटणं दाबून ठेवतात. मेनूमध्ये सोर्स किंवा इनपुट असं असेल तिथे जाऊन तुमची केबल ज्याला आहे ते निवडा, "ऑटो"वर विसंबू नका.

आणि तिसरं, केबल कॅबिनेटच्या कुठल्या भोकात आहे? कॅबिनेटच्या मागे वरच्या बाजूला यूएसबी, लॅन वगैरेंच्या शेजारी असतं ते मदरबोर्डचं (आतल्या मुख्य बोर्डाचं), आणि खाली आडव्या पट्टीत असतं ते ग्राफिक कार्डचं (चित्रासाठी वेगळं बसवलेलं कार्ड). कार्ड बसवलं असेल तर केबल कार्डालाच लावायची. बऱ्याच प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतंच, इंटेलचे नावात शेवटी एफ असलेले, आणि एएमडी रायझनचे ७००० सीरिजच्या आधीचे शेवटी जी नसलेले जवळपास सगळे. त्यांना मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये केबल लावलीत तर जन्मात चित्र येणार नाही, बाकी सगळं अगदी ठणठणीत असलं तरी. नवीन पीसी घरी आणून स्वतः जोडणाऱ्यांचा हा सगळ्यात कॉमन फोन.

एवढं करून नाही तर दुसरी केबल लावून बघा, शेजाऱ्याच्या सेटटॉप बॉक्सची एचडीएमआय चालते. ते सोपं नसेल तर मॉनिटरला दुसरं काहीतरी जोडा, लॅपटॉप असेल तर उत्तमच.

कनव्हर्टर लावलाय, एका मॉनिटरवर चालतो, दुसऱ्यावर नाही. असं का?

कनव्हर्टर एकाच दिशेने चालतात. एचडीएमआयवरून व्हीजीएला जाणारा वेगळा आणि व्हीजीएवरून एचडीएमआयला जाणारा वेगळा, तोच उलटा लावून भागत नाही. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय साधी केबल मिळते ती कॉम्प्युटरकडून डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय अशीच चालते. टाइप-सी चं तर अजून वेगळं, प्रत्येक टाइप-सी मधून चित्र बाहेर येतंच असं नाही, कित्येकांतून फक्त चार्जिंग आणि फाइली जातात. विकत घ्यायच्या आधी लॅपटॉपच्या मॉडेलची माहिती बघा, आकार जुळला म्हणजे चालेल हे धरू नका.

मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर आहे. चहा प्यायला गेलो, आलो तर स्क्रीन उठत नाही, केबल काढून लावली की उठते. रोजचंच झालंय.

हा डिस्प्लेपोर्टचा जुना आजार आहे. मॉनिटर गाढ झोपला की कॉम्प्युटरला वाटतं मॉनिटर काढून टाकला, आणि मग उठवताना दोघांची ओळख परत पटत नाही. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूमध्ये "डीप स्लीप" किंवा तसलं काही नाव असलेला ऑप्शन असतो, तो बंद करा, बऱ्याच जणांचा त्रास तिथेच संपतो. नाही संपला तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवीन घ्या.

आणि केबल स्वस्तातली असेल तर बदलाच. डिस्प्लेपोर्टमध्ये २० पिना असतात, त्यातल्या २० नंबरच्या पिनेवर ३.३ व्होल्ट असतात, आणि चांगल्या केबलमध्ये ती पिन एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जोडलेलीच नसते. हलक्या केबलमध्ये जोडून टाकतात, मग मॉनिटरकडचे व्होल्ट कार्डात शिरतात आणि कॉम्प्युटर चित्रविचित्र वागतो, बंद केला तरी कुठेतरी लाईट लागलेली, कधी सुरूच होत नाही. केबल काढायची असेल तर टोकावरचा खटका दाबून काढा, ओढू नका, सॉकेटच उपटून हातात येतं.

पंखा फिरतोय, लाईट लागतेय, पण कॅप्स लॉकसुद्धा लागत नाही आणि स्क्रीन पहिल्यापासून काळी.

म्हणजे कॉम्प्युटर सुरू व्हायच्या आधीच अडलाय. आमच्या कोकणात ह्याचं पहिलं कारण रॅम, म्हणजे मदरबोर्डवर बसवलेली मेमरीची पट्टी. इथली हवा दमट, त्यात मुंबईची माणसं घर बंद करून जातात ती थेट गणपतीला येतात, चार-पाच महिने पडून असलेला कॉम्प्युटर चालू करतात आणि स्क्रीन काळी. गणपतीच्या आधीच्या दोन दिवसांत मला हे काम सगळ्यात जास्त असतं. रॅमच्या खालच्या कडेला जे सोनेरी दात असतात त्यावर बारीक थर धरतो आणि मदरबोर्डशी संपर्क तुटतो.

करायचं कसं ते नीट सांगते. भिंतीचं बटण बंद, पॉवर कॉर्ड काढा, मग कॅबिनेटचं बटण एकदा दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट निघून जाईल. कॅबिनेटचं झाकण उघडा, हात आधी कॅबिनेटच्या पत्र्याला लावा, अंगातली स्टॅटिक वीज जाते. रॅमच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या किंवा काळ्या खिट्ट्या असतात (काही बोर्डांना एकाच बाजूला), त्या बाहेरच्या बाजूला दाबल्या की रॅम वर उचलली जाते. दोन्ही कडांनी धरा, सोनेरी भागाला बोट लावू नका. आता शाळेतला साधा पांढरा खोडरबर घ्या आणि त्या दातांवरून एका दिशेने हलकेच फिरवा, दोन्ही बाजूंनी. रबर काळपट व्हायला लागतो आणि दात पिवळेधमक दिसतात, तेव्हा कळतं किती साचलं होतं. रबराचा भुगा कोरड्या मऊ ब्रशने पूर्ण झटका, तो स्लॉटमध्ये गेला तर नवीन दुखणं. स्लॉटमध्येही ब्रश फिरवा. मग रॅमच्या मधली खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवून दोन्ही अंगठ्यांनी सरळ खाली दाबा, टक् टक् असा खिट्ट्या बसल्याचा आवाज आला पाहिजे. तो आवाज आला नाही तर बसली नाही. दोन रॅम असतील तर एकच लावून चालू करा, मग दुसरी.

आवाजावरही लक्ष द्या. कॅबिनेटमध्ये छोटा स्पीकर असेल तर एकसारखी लांब लांब बीप बहुतेक रॅमची तक्रार असते, आणि एक लांब दोन आखूड अशी असेल तर बऱ्याच बोर्डांवर ती डिस्प्ले कार्डाची. नवीन मदरबोर्डवर बीपऐवजी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशा चार बारीक लाईट असतात, जी लागून राहते तिथे अडलंय. पण डीडीआर५ रॅमचा नवा पीसी पहिल्यांदा चालू करत असाल तर मात्र थांबा, रॅमशी जमवून घ्यायला त्याला कधी कधी बरीच मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते. दोन मिनिटांत बंद केलात तर परत पहिल्यापासून.

रॅमने नाही झालं तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, ३ व्होल्टचा, पॉवर कॉर्ड काढलेली असताना पाच मिनिटं काढून परत लावा, जुना असेल तर नवीनच टाका. ह्याने बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या प्रोग्रामची, सेटिंग मूळपदावर येते. विंडोज ११ वाल्यांनी एक लक्षात ठेवा, ह्यानंतर कॉम्प्युटर बिटलॉकरची (विंडोजने डिस्कला लावलेल्या कुलपाची) रिकव्हरी की मागू शकतो, ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, आधी फोनवरून लॉगिन करून ती दिसतेय ना बघून घ्या, मगच सेल काढा.

कंपनीचा लोगो दिसतो, विंडोजचं गोल गोल फिरतं, आणि मग काळं होतं.

म्हणजे मॉनिटर आणि केबल दोन्ही चांगली, हा ड्रायव्हरचा नाहीतर सेटिंगचा भाग. "आउट ऑफ रेंज" किंवा "इनपुट नॉट सपोर्टेड" आलं तर कुणीतरी मॉनिटरला झेपत नाही एवढं रिझोल्यूशन किंवा हर्ट्झ (सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं ते) लावून ठेवलेत, मोठ्या मॉनिटरवरचा पीसी जुन्या मॉनिटरला लावला की होतं हे. आधी विंडोज आणि पी दाबा, एक-दोनदा खालचा बाण, एंटर. प्रोजेक्टर वापरून झाल्यावर "सेकंड स्क्रीन ओन्ली" राहून गेलेलं असतं, शाळेतल्या कॉम्प्युटरवर तर हमखास.

काळ्या स्क्रीनवर नुसता माऊसचा बाण दिसत असेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबा, टास्क मॅनेजर आला की त्यात नवीन टास्क चालवायची सोय असते, तिथे एक्सप्लोरर असं इंग्रजीत टाइप करून एंटर, डेस्कटॉप परत येतो.

काहीच दिसत नसेल तर सेफ मोड, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या गोष्टींवर चालू करायचं. विंडोज सुरू होतानाच दोन-तीन वेळा बटणाने बंद करा, त्यानंतर दुरुस्तीची निळी स्क्रीन आपोआप येते. (दाबून धरू नका म्हणते आणि इथे सांगते, पण दुसरी वाट नसते तेव्हाच, आणि अपडेटचे टक्के दिसत असतील तर अजिबात नाही.) ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ३ दाबलं तर कमी रिझोल्यूशनमध्ये आणि ४ दाबलं तर सेफ मोडमध्ये उघडतं. ३ मध्ये हर्ट्झ ६० वर आणा. ४ मध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून डिस्प्लेचा ड्रायव्हर "रोल बॅक" करा, ते बटण पुसट असेल तर अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा.

गाणं ऐकू येतंय, कॅप्स लॉक चालतंय, मॉनिटरची लाईट निळी आहे, पण अंधार. हे काय?

खोलीतली लाईट बंद करा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि स्क्रीनला अगदी जवळून, तिरका धरून बघा. एक निवृत्त गुरुजी मॉनिटर घेऊन आले होते, "संपला ग हा" म्हणत होते. त्यांच्यासमोरच मी केबल लावली, दुकानातली ट्यूब बंद केली आणि टॉर्च तिरका धरला. काळ्या काचेत खोल कुठेतरी त्यांच्या नातीचा फोटो दिसायला लागला, डेस्कटॉपवरचा, पुसट, धुक्यात असल्यासारखा. गुरुजी वाकून बघतच राहिले.

असं दिसलं तर चित्र तयार होतंय पण मागची लाईट, म्हणजे बॅकलाईट, गेलीये. मॉनिटर चालू केल्यावर दोन सेकंद चित्र दिसून विझत असेल तर तेही बहुतेक बॅकलाईटचंच, आतल्या सर्किटला गडबड कळते आणि ते लाईट बंद करतं. जुन्या मॉनिटरमध्ये बारीक ट्यूब असायच्या, आता एलईडीच्या पट्ट्या असतात. हे घरचं काम नाही, पण दुरुस्त होतं.

मॉनिटरची कुठलीच लाईट लागत नाही.

आधी तोच प्लग दुसऱ्या बोर्डात, शक्यतो भिंतीच्या, आणि त्या बोर्डात मोबाइलचा चार्जर लावून करंट आहे ना खात्री करा. कॅबिनेटची आणि मॉनिटरची कॉर्ड बऱ्याचदा सारखीच असते, अदलाबदल करून बघा. बाहेर अडॅप्टर असलेला मॉनिटर असेल तर अडॅप्टर जाण्याचीच शक्यता जास्त, पण दुसरा लावताना त्यावरचे व्होल्ट अगदी तेच पाहिजेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. १२ व्होल्टच्या मॉनिटरला १९ चा लावलात तर दुरुस्तीच्या पलीकडे जाईल, पिन बसते म्हणून लावू नका.

आतच पॉवर सप्लाय असलेल्या जुन्या मॉनिटरमध्ये कपॅसिटर फुगतात, डोकं डाळीच्या वड्यासारखं वर येतं. लाईट लागायला वेळ लागणं, आधी टिकटिक आवाज येणं ही त्याची पूर्वसूचना. बदलायला स्वस्त असतात. पण स्वतः उघडू नका, कळकळीने सांगते. आपल्या घरच्या २३० व्होल्टपासून आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. पिक्चर ट्यूबचा जुना मॉनिटर असेल तर त्यात हजारो व्होल्ट असतात, त्याला घरी हात लावायचाच नाही.

पावसाळ्यात हे जास्त का होतं? आणि मॉनिटर भिजला तर?

लाईट जाण्यात तेवढं नुकसान नाही, ती येताना जो झटका येतो त्यात पॉवर सप्लाय मरतात. लाईट गेली की बोर्डाचं बटण बंद करा, आल्यावर पाच मिनिटांनी चालू करा. वीज कडाडायला लागली, जूनमध्ये आणि परतीच्या पावसात तर खूपच, तेव्हा प्लग उपटून ठेवा आणि ब्रॉडबँडची वायरसुद्धा काढा, तिच्यातून येऊन मदरबोर्ड गेलेले मी पाहिलेत. स्पाइक गार्ड लावा, पण जवळ पडलेल्या विजेसमोर त्याचं काही चालत नाही.

भिजलेल्याबद्दल मी जरा कडकच बोलते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर कितीतरी दिवस चिखलाने भरलेले मॉनिटर आणि कॅबिनेट येत होते. ज्यांनी उन्हात दोन दिवस ठेवून "बघूया तरी चालू होतो का" म्हणून प्लग लावला त्यांचे बोर्ड जळले, आणि ज्यांनी तसेच आणले त्यांच्यातले बरेच धुऊन, वाळवून, साफ करून चालू झाले. वरून वाळलेला दिसतो पण आत ओल असते आणि चिखलातून करंट वाहतो. स्क्रीनच्या आत एकावर एक पातळ कागद असतात, त्यात पाणी गेलं तर डाग कायमचे राहतात, पण मॉनिटर चालू तर होतो. आणि कॅबिनेट पूर्ण गेलं तरी हार्ड डिस्क फेकू नका, ती न चालवता आणा, त्यातून डेटा निघायची शक्यता असते.

काहीच बिघडलं नाहीये, फक्त पाच मिनिटांत झोपतो, त्रास होतो.

सेटिंग्ज, सिस्टम, पॉवर. तिथे स्क्रीन बंद व्हायची वेळ आणि कॉम्प्युटर झोपायची वेळ वेगवेगळी असते, पहिली १५ मिनिटं ठेवा आणि दुसरी हवी तशी. मॉनिटरच्या मेनूमध्ये स्वतःचा ऑफ टायमर असेल तर तोही बघा. शटडाउन करून चालू केल्यावरच काळी राहत असेल आणि रीस्टार्टने बरी होत असेल तर "फास्ट स्टार्टअप" बंद करून बघा, कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणाच्या सेटिंगखाली सापडेल. त्यात शटडाउन हा खरा शटडाउन नसतोच, अर्धी झोप असते, आणि काही ड्रायव्हरना तिच्यातून नीट उठता येत नाही.

दुरुस्त करू का नवीन घेऊ? आणि दुकानात नेताना काय काय न्यायचं?

आधी वॉरंटी बघा, बऱ्याच कंपन्या मॉनिटरला तीन वर्षं देतात आणि लोक दोन वर्षांनी पैसे भरून दुरुस्त करतात. मागच्या स्टिकरवर सीरियल नंबर असतो, बिल हरवलं असलं तरी त्यावरून विचारता येतं. वॉरंटी संपली असेल तर अडॅप्टर, कपॅसिटर, बॅकलाईट असेल तर दुरुस्त करा. पॅनल फुटला असेल, आत शाईसारखा काळा डाग पसरला असेल, तर नवीन घ्या, पॅनलची किंमत नव्या मॉनिटरच्या जवळपास जाते.

नेताना मॉनिटर, त्याची स्वतःची पॉवर कॉर्ड किंवा अडॅप्टर, आणि तुम्ही वापरता तीच व्हिडिओ केबल, तिन्ही आणा. लोक नुसता मॉनिटर आणतात, माझ्याकडे माझ्या केबलने मस्त चालतो, घरी नेतात आणि परत काळा. मॉनिटर बेडशीटमध्ये गुंडाळून काचेवर दाब येणार नाही असा उभा धरा, स्कूटरवर दोघांच्या मध्ये आडवा घालून आणू नका. आणि एका कागदावर लिहून आणा, लाईट कुठल्या रंगाची होती, कॅप्स लॉक लागत होतं का, केबल काढल्यावर काय लिहून आलं, त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं होतं.